एक वर्ष की पाच?

बँकेचं पत्र आलं त्या दिवसापासून हेल्मीच्या स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. कॅनडातल्या थंडर बेमध्ये घर घेतलं की हे पाठीमागे लागतंच: कर्ज पंचवीस वर्षांचं, पण व्याजाचा करार बहुतेक पाच वर्षांचा. तो संपत आला की बँक नवे दर कळवते आणि माणसं मुकाट्याने सही करून मोकळी होतात. हेल्मीही झाली असती, पण आर्वो आडवा आला.

"एकाच वर्षाचा करार कर," तो म्हणाला.

"अरे, एका वर्षाचा दर जास्त आहे. दिसत नाही का?"

"दिसतो की. पण दर उतरणारेत. पाच वर्षं अडकून कशाला पडायचं?"

अडकून! हेल्मीला तो शब्द बोचला. दोन हिवाळ्यांपूर्वी आर्वोच्या तळघरातल्या भाड्याच्या खोलीत पाणी शिरलं, म्हणून तो चार दिवसांसाठी आला आणि राहिला. अर्धा हप्ता देई, दारातला बर्फ उपसे, शनिवारी वाफेच्या स्नानाची सौना तापवी. पण कायमचा राहणार का, हे ना तिने विचारलं, ना त्याने सांगितलं. फिनलंडहून आलेल्या लोकांच्या या वस्तीत असलं काही बोलायची रीतच नाही. इथला पुरुष प्रेमात पडला की बाईच्या गाडीला हिवाळी टायर चढवून देतो. पुढचं तिने ओळखून घ्यायचं.

शेजारच्या लेम्पीने तर आगीत तेलच ओतलं. "जास्त व्याज भरायचं आणि तेही एकाच वर्षासाठी? ज्याला निघायचंय तोच असं सांगतो, बाई!"

गुरुवारी वाटाण्याचं सूप वाढल्यावर हेल्मीने पत्र टेबलावर आपटलं.

"मी पाचावर सही करतेय. सगळं गाव पाचाचंच घेतं."

"पाचावर पेंटीनेही केली होती की सही," आर्वो म्हणाला.

पेंटी म्हणजे तिचा नवरा. सहीची शाई वाळते न वाळते तोच व्हॅनकुव्हरला पळालेला. हेल्मी भडकली.

"त्या मेल्याचं नाव काढू नकोस! तुझं सांग. वर्षभराने तू या घरात असणारेस की नाही?"

आर्वोने चमचा खाली ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले.

"वर्षभराने दर उतरले की तीन वर्षांचा करार करू," तो सूपकडे बघत म्हणाला. "तोवर माझी पेन्शन सुरू होईल, मग छपराचं काम काढू. तीन वर्षं संपली की उरलेलं फेडून टाकू. तेव्हा मी अडुसष्टचा असेन, गुडघे काही धड राहणार नाहीत. म्हणून न्हाणीघर खालच्या मजल्यावर आणायचं. जागा मोजून ठेवलीय मी."

"हे सगळं कधी ठरवलंस?"

"गेल्या हिवाळ्यात."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"मला वाटलं, तुला माहीतच असेल."

हेल्मीला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. दोन हिवाळे रोज सकाळी उठल्याबरोबर ती आधी दाराशी जाऊन याचे बूट आहेत ना, ते बघत होती. आज तिने ते त्याला सांगून टाकलं. आर्वो तिचा उजवा हात धरून बसला. मग तिने डाव्या हातानेच एका वर्षावर सही केली.