अंगठ्याचं बटण

माझ्या धाकट्या बहिणीची आधी वाचा गेली, मग हात गेले. उजव्या पायाचा अंगठा तेवढा तिचं ऐकायचा. तिच्या नवऱ्याने, जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेल्या माणसाने, त्या अंगठ्यासाठी बटण बनवायला घेतलं. बाजूला नखाएवढी चिप.

"ताई, हिच्यात यूएसबीची लायब्ररी भरलीय. ज्यांनी लिहिली त्यांनी सगळ्यांना फुकट दिलीय."

"परत कधी करायची?" मी विचारलं. धाकटीचे डोळे हसले.

चिपमधल्या त्या आयत्या कोडमुळे बटण दाबलं की संगणकाला वाटायचं, कीबोर्डच जोडलाय. पडद्यावर मुळाक्षरांवरून उजेडाचा चौकोन सरकायचा. हव्या अक्षरावर आला की तिने अंगठा दाबायचा, मग काना-मात्रा. हीच अक्षरं मी तिला पाटीवर गिरवायला लावायचे, तेव्हा ती फुगून बसायची.

पहिल्याच दिवशी तिने लिहिलं: नळी काढा.

नाकातली नळी. तिचं सगळं खाणंपिणं त्यातून जायचं. ती काढायची की ठेवायची हे तिनेच ठरवायचं, असं डॉक्टर म्हणाले होते; विचारायची सोय तेवढी नव्हती.

"भलतीच अक्षरं येतायत," म्हणत त्याने वायर उपटली.

मग रोज घरभर सोल्डरिंगचा वास. वायर आखूड केली, कोड पुन्हा भरला, चिप बदलली. बटण मात्र तिच्या पायाशी परत आलं नाही.

"अहो, चांगलं चाललं होतं ते."

"ताई, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"त्यातलं नाही कळत. तिला मात्र कडेवर घेऊन वाढवलीय मी."

तो खाली मान घालून सोल्डरिंग करत राहिला. मी त्याच्यासमोरून बटण उचललं, वायर जोडली, अंगठ्याखाली ठेवलं. बराच वेळ गेला. पडद्यावर उमटलं: बिघाड नाही. नळी काढा.

मी त्याला हाक मारली. त्याने वाचलं आणि तो पलंगाच्या कडेवर बसला.

"नक्की?"

चौकोन क पासून निघाला. न वर आला तेव्हा तिचा नवरा पुढे झुकला. आता तरी दाबेल, नाही म्हणेल, असं मलाही वाटलं. अंगठा हलला नाही. प, फ, ब... तो एकेक अक्षर पुटपुटत होता. स गेला.

ह वर अंगठा दाबला गेला. मात्रेची वाट न पाहता तो उठला आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला.