मी उजळलो नाही तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रंग आहे. होळीचा नव्हे, भिंतीचाही नव्हे. बुलढाण्याच्या एका कॉलेजात, फ्रिजच्या दारात, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत मी राहतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत मला घडवताना एकच काम शिकवलं. जिवंत रक्तात हजारो पदार्थ असले तरी कुणाच्या वाटेला जायचं नाही. एकच प्रथिन शोधायचं आणि त्यालाच घट्ट धरायचं. मग सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या दिव्यात मी हिरवागार चमकतो. फवारणीचं विष माझ्याआधी त्या प्रथिनाला चिकटलं असेल, तर मात्र मला जागाच उरत नाही. मी काळोखात राहतो.

दुसरबीडच्या निजामभाईंची लेक शाहीन इथे शिकते. तिने पहिल्यांदा स्वतःच्या रक्ताच्या थेंबात मला सोडलं. मी असा चमकलो की तिने अख्खा वर्ग गोळा केला. मला भारीच मिरवल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती. निजामभाई पाठीवर पंप बांधून रोज लोकांच्या शेतांत फवारत होते. एका दुपारी ते लेकीचा डबा घेऊन आले.

“अब्बा, डोळ्याले पाणी काऊन येऊन राह्यलं?”

“औषधाचा वास हाय बेटा. उतरते दोन दिवसात.”

तिने हट्टाने त्यांच्या बोटाचा थेंब घेतला. मी दारोदार फिरलो. जिथे जावं तिथे विष आधीच ठाण मांडून बसलेलं. मी उजळलो नाही. ओरडायला मला तोंड नाही.

आदल्या दिवशी लाइट गेली होती, फ्रिज बंद पडला होता. बापाच्या रक्तात खरंच इतकं विष असेल, हे तिच्या मनाला पटलंच नाही. स्वतःचा थेंब पुन्हा तपासायचंही सुचलं नाही.

“रंग खराब झाला, अब्बा. नवीन मागवते, मंग पाहू.”

“पाह्यजो निवांत. उद्या वामनरावाच्या वावरात फवारा हाय.”

निजामभाई त्या वावरातच कोसळले. दवाखान्यापर्यंत पोहोचले नाहीत.

पंधरा दिवसांनी शाहीन परत आली. फेकून द्यायला तिने मला उचललं, थांबली, आणि स्वतःचं बोट टोचलं. मी पहिल्यासारखाच लख्ख चमकलो. चमकताना इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने मला पुन्हा फ्रिजच्या दारात ठेवलं. मग हळूच म्हणाली, “तू तं सांगत होता. मलेच समजलं नाही.”

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी उजळलो नाही, तर माझ्यात काय बिघडलं ते नंतर पाहा. आधी त्या माणसाच्या पाठीवरचा पंप उतरवा.