शेवटच्या माणसाची शिट्टी

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका, मी आज वाजणार नाही. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि आज मला फक्त बोलायचं आहे. बोलल्याशिवाय आता राहवत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा साच्यात दाबला, डाख दिला, पोटात बुचाचा मणी सोडला आणि कारागिरानं मला ओठांना लावलं. मी अशी किंचाळले की शेजारचा माणूस ओरडला, "अरे बाबा, कान गेले माझे!" ती माझी पहिली शाबासकी. तेव्हापासून मला स्वतःच्या आवाजाचा भारी तोरा.

पुढे एका वायरमननं मला विकत घेतलं. सुट्टीच्या दिवशी तो नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना घेऊन नदीकाठच्या जंगलात भटकायला जायचा. त्यांची एक पद्धत होती. वायरमन सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मागच्या माणसाच्या गळ्यात मी. वाटेला फाटा फुटला की तो थांबायचा. मी वाजले की म्हणायचा, "आली शेपटी! सगळे आले, चला." डोकी कोणी मोजत नसे. मोजायची गरजच काय, मी होते ना! "ही आहे म्हणून निर्धास्त," असं सगळे म्हणायचे आणि मी फुशारून जायचे.

मग पानगळीतली ती सहल आली. वायरमनची आत्या पहिल्यांदाच सोबत होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. गुडघे कुरकुरत होते, पण हौस दांडगी. दिवसभर एकच पालुपद, "माझ्यासाठी थांबू नका रे, मला कोणाचं लोढणं व्हायचं नाही." तिच्या मागे वायरमनची बायको चालत होती. मी तिच्याच गळ्यात होते.

दुपार कलली आणि आत्याच्या बुटाचा तळ सुटला. ती एका ओंडक्यावर बसली आणि रुमालानं बूट बांधू लागली.

"तू हो पुढे, सूनबाई. मी आलेच."

"नको आत्या, थांबते ना मी."

"अगं, जा गं! कोणी बघत बसलं की माझे हात चालत नाहीत."

सूनबाई भिडस्त. वळणापर्यंत गेली आणि तिथे रेंगाळली. तेवढ्यात पुढच्या फाट्यावरून हाक आली, "आलात का सगळे?" आत्या येतेच आहे, असं मनाशी म्हणत तिनं मला फुंकलं. मी नेहमीसारखी खणखणीत वाजले. पुढची मंडळी डाव्या वाटेला लागली. ती दिसेनाशी होऊ लागली तशी सूनबाई घाबरली आणि त्यांना थांबवायला धावली. तेवढ्या वेळात आत्या फाट्यावर पोचली. पाचोळ्यानं दोन्ही वाटा झाकल्या होत्या. ती उजवीकडे, नदीच्या अंगाला वळली.

सगळे माघारी आले तेव्हा ओंडक्यावर कोणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती. वायरमननं मला बायकोच्या गळ्यातून काढून घेतलं आणि जीव तोडून फुंकायला लागला. त्याचे ओठ फुटले, तरी तो थांबेना. मी जन्मात कधी वाजले नव्हते अशी वाजत होते. मला खात्री होती, आत्या माझा आवाज ऐकेल आणि ओ देईल. पण ओ काही आली नाही. उजेड कमी होत गेला. सूनबाई नुसती रडत होती.

अखेर आत्या सापडली. काठाच्या दरडीखाली, पाण्यापाशी बसलेली. घोटा मोडला होता, ओठ काळेनिळे पडले होते. वायरमननं आपलं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं.

"आत्या, शिट्टी ऐकू आली नाही का गं तुला?"

"आली ना! चांगली ऐकू येत होती. आधी मी हाका मारत होते. मग शिट्टी वाजायला लागली. म्हटलं, सगळे आले, निघाले वाटतं पुढे. मग कशाला उगाच ओरडायचं? गप्प बसले."

वायरमन तिथेच दगडावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मित्रांनो, माझ्या पोटातला मणी त्या क्षणी विरघळून जावा असं मला वाटलं.

आत्याचा पाय नीट जुळला नाही. ती आता अंगणापलीकडे जात नाही. ती कोणाला दोष देत नाही, याचाच जास्त त्रास होतो. मंडळी अजून जंगलात जातात, पण प्रत्येक फाट्यावर एकेकाचं तोंड बघून मोजतात. मला कोणी नेत नाही. मी मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलेली असते, काळवंडलेली. राग नाही मला. बरोबरच आहे ते.

तुमच्याही घरात हाक मारायला संकोचणारं एखादं माणूस असेल. ते हाक मारेल म्हणून वाट बघू नका, मित्रांनो. मागे फिरा आणि त्याला घेऊन या.