रिकामपेटीचे रोडगे

ताराचंद शेठच्या हिंगण्याच्या कारखान्यात दोन भट्ट्या होत्या. लोखंड लालभडक तापवायचं आणि हॅमरखाली ठोकून ट्रॅक्टरचे भाग काढायचे, हा धंदा. ऐंशी सालच्या आसपास भट्टीचं तेल इतकं महागलं की शेठनी सांगून टाकलं, हनुमान जयंती झाली की दोन नंबरची भट्टी बंद. दोन नंबरवर चंपतराव आणि त्यांच्या हाताखालची माणसं होती. भट्टीबरोबर माणसंही घरी जाणार, हे शेठनी वेगळं सांगितलं नाही. सगळ्यांना ते समजलं.

धरमपेठेतला अनंत तेव्हा नुकताच इंजिनिअर म्हणून लागला होता. तो म्हणाला, भट्टीतली धग चिमणीतून आभाळात जाते, ती वाया जाते. त्या वाटेत नळ्यांची पेटी बसवू आणि बर्नरला लागणारी हवा त्या नळ्यांतून नेऊ. हवा आयती तापून आली की तेल कमी जळेल. पेटीचं नाव रिक्युपरेटर. कामगारांनी ते सोपं करून घेतलं. रिकामपेटी.

"काहून जी साहेब," चंपतराव म्हणाले, "माह्या भट्टीच्या नाकात हे काय कोंबून राहिले?"

"तुमचीच भट्टी वाचवतोय, चंपतराव."

"माह्या भट्टीले नाक मोकळं लागते."

पेटी बसली. अनंत रोज टाकीत गज बुडवून तेल मोजायचा आणि शेठना सांगायचा, कमी जळतंय. शेठ म्हणायचे, "काम कमी झालं असन. नाई तं तुमचा गज खोटा असन. मले डोयानं दिसलं पाह्यजे." वाचलेली धग डोळ्यांनी कशी दाखवायची, हे अनंतला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात हनुमान जयंती आली. कारखान्याच्या आवारात मारुती आहे आणि दरवर्षी भिवापूरच्या गोपिकाबाईंचं कीर्तन असायचं. त्या उभ्या राहिल्या की झांजेच्या पहिल्या ठोक्यालाच माणूस आपली काळजी चपलांबरोबर बाहेर ठेवून येई. मी स्टोअरचा कारकून, पण त्या दिवशी पेटीवर असायचो. म्हणजे वाजवायच्या पेटीवर.

जन्मापुरता हॅमर थांबे. भट्टी मात्र चालूच, ती थंडावली की पुन्हा तापवणं परवडत नाही. महाप्रसादाला वरण, वांग्याची भाजी आणि रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे. रोडगे खरं तर गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, पण चंपतराव ते दोन नंबरच्या चिमणीच्या बुडाशी लोखंडी पत्र्यावर मांडायचे. घड्याळ त्यांना लागत नसे. कीर्तनाचा पूर्वरंग संपून बाईंना हार-बुक्का झाला की उलटायचे, पाळणा झाला की काढायचे. मारुतीच्या प्रसादात त्यांच्या हातून कधी खोट आली नव्हती, आणि ते तसं सांगतही असत.

त्या सकाळी बाईंनी श्वासावर निरूपण केलं. "बाबांनो, आतला श्वास बाहेर जातो, तो नाम घेऊन गेला तर देवाकडे पोचला. रिकामा गेला तर वाया गेला." माझी बोटं पेटीवर थांबलीच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पुन्हा चालू झाली. जन्म झाला, गुलाल उडाला, पाळणा झाला. चंपतरावांनी सवयीनं, न बघताच रोडगे काढले.

पहिल्या पंगतीला शेठ बसले. त्यांनी रोडगा फोडला. आत पांढरी कणीक होती. शेठनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"चंपतराव, हे काय वाढून राहिले गा?"

चंपतरावांनी दुसरा फोडला, तिसरा फोडला. मग ते चिमणीकडे गेले आणि पत्र्यावर तळहात टेकला. तळहात तिथंच राहिला. मागच्या वर्षीपर्यंत त्या पत्र्यावर हात टेकणाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

"भट्टी बुझली का?" शेठनी विचारलं.

चंपतरावांनी भट्टीचं दार वर केलं. आतलं लोखंड पिवळंजर्द होतं.

"मंग चिमणी काहून थंडी?"

सगळ्यांनी अनंतकडे पाहिलं. त्याच्या तोंडात रोडगा होता. चंपतराव एकदा त्याच्याकडे, एकदा मारुतीकडे बघत उभे राहिले.

"शेठ," ते शेवटी म्हणाले, "धग भट्टीतच वापस जाऊन राहिली. रिकामपेटी बाहेर जाऊच देत नाई. इतके वर्सं मी रोडगे तुमच्या तेलावर भाजून राहिलो होतो."

शेठ उष्ट्या हातानं उठले. डावा तळहात पत्र्यावर ठेवला. तसेच उभे राहिले. पंगत थांबली होती. एकट्या गोपिकाबाई जेवत होत्या. प्रसाद पानात टाकायचा नाही म्हणून त्यांनी कच्चा रोडगा संपवला आणि वरण मागितलं.

"रोडगा कच्चाच हाय," शेठ म्हणाले. मग अनंतकडे वळून, "एक नंबरले दुसरी पेटी कवा बसवता?"

"आणि दोन नंबर?" चंपतरावांनी विचारलं.

"ते काहून बंद करू? चांगली थंडी चिमणी हाय."

चंपतरावांनी मारुतीला दंडवत घातलं आणि उरलेले रोडगे घमेल्यात भरले. फाटकामागे गोवऱ्या पेटवल्या. दुसऱ्या पंगतीला रोडगे लाल निघाले.

धूर सरळ वर चालला होता. चंपतराव त्याकडे बघत राहिले.

"साहेब," ते अनंतला म्हणाले, "याच्यावर काही बसवता येते का?"

अनंतनं खिशातून पेन्सिल काढली.