दोन सावल्यांचे मुखपृष्ठ

चित्रातल्या पत्र्याच्या पेल्याला दोन सावल्या होत्या. एक लांब आणि निळसर, दुसरी आखूड आणि तांबूस. आकाशात सूर्यही दोन होते. तांबडा क्षितिजाला टेकलेला, निळा बराच वर. तांबड्याचा उजेड जिथे अडतो तिथे फक्त निळ्याचा पोचतो, म्हणून लांब सावली निळसरच दिसायला हवी. बहुतेक चित्रकार हे उलट रंगवतात. इथे ते बरोबर होते आणि ते पाहून मी दचकले.

कारण हे मी एकाच माणसाला समजावून सांगितले होते.

"ऑक्टोबरचं मुखपृष्ठ," लायमन प्रेगर म्हणाले. ते आमच्या विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक. चित्र त्यांनी खिडकीखाली भिंतीला टेकवून ठेवले होते. "ऑटो, कमाल केलीस बाबा! नाहीतर गेल्या महिन्यातला तुझा तो राक्षस. माझी बायको म्हणाली, हा आपल्या भावजींसारखा दिसतो."

ऑटो ब्रँडवोल्ड माझ्याशेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. तो हसला नाही. माझ्याकडे बघतही नव्हता.

चित्रात एक म्हातारी यानाच्या शिडीवर बसली होती. शिरस्त्राण काढून तिने पायाशी ठेवले होते आणि परक्या ग्रहाच्या उघड्या हवेत ती शांतपणे पाणी पीत होती. ते माझ्या कादंबरीचे शेवटचे पान होते. कादंबरी कुणी वाचलेली नव्हती. ती लिहून झाली होती, पण त्या दोन सूर्यांभोवतीच्या ग्रहाची कक्षा मला पुन्हापुन्हा तपासावीशी वाटे आणि बाड पुन्हा कपाटात जाई. शेवट मात्र एकदा ऑटोला सांगितला होता. कोपऱ्यावरच्या खानावळीत, ॲपल पाय खाताना, समोरच्या मिठाच्या बाटलीवर दोन काड्या पेटवून धरून.

"हे तू काढलंस?" मी त्याला विचारले.

"आयरीन, ऐकून तर घे."

"काय ऐकू? माझ्या डोक्यातलं उचललंस तू!"

"तुझ्यासाठीच काढलं," तो पुटपुटला. "माझं चित्र आलं की प्रेगरसाहेब त्यावर कथा लिहायला तुलाच सांगतात. नेहमीच. म्हटलं, आपलंच चित्र समोर आल्यावर ही जाईल कुठे? झक मारत ते बाड बाहेर काढेल."

आमच्या धंद्यात असेच चालते. रंगीत छपाईला वेळ लागतो, म्हणून मुखपृष्ठ आधी ठरते आणि मग ते लेखकासमोर ठेवून त्यावर कथा लिहून घेतात. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून घरी आल्यावर मी ऑटोच्या चित्रांवर अशा कितीतरी कथा लिहिल्या होत्या. त्याचा हिशेब अगदीच चुकला नव्हता.

"कसलं बाड?" प्रेगरांनी चिरूट तोंडातून काढला. "अहो, चित्र तर मी कोल्बीला दिलं, कथा लिहायला. तुमच्या मागच्या दोन्ही कथा उशिरा आल्या, मिस व्हिटलॉक. कोल्बी कसा, सकाळी सांगावं आणि दुसऱ्या दिवशी पानं हातात. म्हातारी त्याला तेवढी पसंत नाही. तो म्हणतो, तिला हेर करतो, पाण्यात विष घालतो."

ऑटो खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"विष," मी म्हणाले. ऑक्टोबरमध्ये ती म्हातारी, तो पेला आणि ते उघडे आकाश कोल्बीचे होणार होते. त्यानंतर माझी कादंबरी कधीही निघाली तरी वाचक म्हणणार, ही बाई कोल्बीची कथा उचलते.

"मग दुसरं चित्र लावा," ऑटो प्रेगरांना म्हणाला. "मी काढून देतो."

"छपाईचे ठसे तयार झालेत. आणि तू कधी काढणार रे? सोमवारपासून तू त्या डबाबंद सूपच्या कंपनीत जाहिराती रंगवायला चाललास ना?"

हेही मला ठाऊक नव्हते. मी ऑटोकडे वळले.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पगार आहे गं. टोमॅटो काढायचे, वाफा काढायच्या. हे माझं शेवटचं मुखपृष्ठ. शेवटचं काढायचं तर तेच काढावंसं वाटलं. तू काही ते कधी छापू दिलं नसतंस."

मला त्याला एक थप्पड मारावीशी वाटली. पण त्याचे शेवटचे वाक्य खरे होते.

प्रेगर घड्याळाकडे बघत उठले. "भांडण जिन्यात करा. कोल्बी दुपारी पहिली पानं आणतोय."

मी टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यापुढे धरला.

"त्याला सांगा, येऊ नकोस. या चित्राची कथा माझी आहे. अख्खी कादंबरी आहे, लिहून झालेली. ऑक्टोबरपासून क्रमशः छापा. मी आत्ता घरी जाऊन ती घेऊन येते."