कांताबाईचा दीपस्तंभ

मंजुषा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघायची, आणि उरलेल्या वेळात सिनेमे. पुण्याची एक मैत्रीण तिला डीव्हीडी पाठवायची. त्यातूनच यवतमाळच्या एका लहानशा दैनिकात, रविवारच्या पानावर, तिच्या सदराचा कोपरा सुरू झाला होता. नाव 'निसटलेले सिनेमे'. मागल्या वर्षी, म्हणजे २००५ साली, आलेले आणि कुणाच्या नजरेत न भरता गेलेले चित्रपट ती निवडायची आणि ते का बघावेत हे थोडक्यात लिहायची. शेवट कधी सांगायची नाही.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पहिल्या पानावर रोज जे छापून यायचं ते वाचलं की तिला आपल्या कोपऱ्याचा संकोच वाटायचा. संपादक नरहरकाका तिच्या वडिलांचे मित्र. एक दिवस तेच म्हणाले, "मंजू, हे सिनेमे आपल्याकडे लागत नाहीत, आणि लोकांकडे बघायची सोय नाही. कोण वाचतं गं हे?" कोपरा बंद झाला.

जानेवारीत काकांचा फोन आला. "ऑफिसात ये. मुकुटबनहून एक जण आलाय. तुला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतो."

त्याचं नाव संघर्ष. तिशीचा, शिंप्याचं दुकान चालवणारा. ती दिसताच उठून उभा राहिला.

"मॅडम, तुमचं पिक्चरचं काहून बंद झालं? आमच्या गावात बाया मले रोज विचारून राह्यल्या."

"बाया? त्यांनी कुठे पाहिले हे सिनेमे?"

"पाह्यले नाई ना कोनीच," तो हसला. "मी रविवारी दुकानात पेपर वाचून दाखवतो. कांताबाई ऐकते. अन् सोमवारी वावरात कापूस वेचताना अख्खा पिक्चर सांगते. आता पेपरात येत नाई, तर जुनेच पुन्हा सांगा म्हंतेत."

मंजुषाने नरहरकाकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते. तिथेच ठरलं की ती मुकुटबनला जाणार, आणि लिहिलेल्यांतला एक सिनेमा दाखवणार. कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडून तिने प्रोजेक्टर मागून घेतला.

शनिवारी ती मुकुटबनला उतरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. संघर्षने तिला थेट वावरात नेलं. पऱ्हाटीच्या तासांतून, कापसाच्या झाडांच्या ओळींमधून, बाया पुढे सरकत होत्या, प्रत्येकीच्या कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी बांधलेली. मधल्या तासात पन्नाशीची, काटक अंगाची एक बाई होती. हीच कांताबाई. तिने मान हलवून नमस्कार केला. हात थांबला नाही.

"कोणता आणला मॅडम?"

"दीपस्तंभाचा," मंजुषा म्हणाली.

एकदम गलका उठला. "कांताबाई, थोच सांग! रातच्याला पाह्याच्या आधी एकडाव सांग!"

मंजुषाने त्या सिनेमाबद्दल इतकंच लिहिलं होतं: एका दूरच्या बेटावर एक म्हातारी दीपस्तंभ सांभाळते. जहाजांवर आता नवी यंत्रं आली आहेत, कुणाला त्या दिव्याची गरज नाही, सरकार तिला विसरलं आहे. तरी ती रोज संध्याकाळी वर चढून दिवा लावते. बोलणं फारसं नाही, पण बघा.

कांताबाई सांगू लागली. आवाज मोठा नव्हता, पण चार ओळींपलीकडची बाईही ऐकत होती. म्हातारीला तिने एक बहीण दिली, पलीकडच्या काठावर राहणारी, वर्षानुवर्षं अबोला धरलेली. तिला एक शेळी दिली. वारा दिला, असा की चुलीतला विस्तव घरभर पळावा. मंजुषा एका तासाला लागली आणि बोंडं वेचता वेचता ऐकू लागली. हा सिनेमा तिने तीनदा पाहिला होता. तरी पुढे काय होणार, या काळजीने ती कांताबाईच्या तासाजवळ सरकली.

"मंग थे जिना चढते," कांताबाई म्हणाली. "गुडघे दुखते तिचे. जिना मोठा, गोल गोल. म्हनून थे एकेका पायरीले एकेका गावाचं नाव घेते. माहेराच्या रस्त्यावरचे गावं. पाटण... झरी... अडेगाव... कायर... असं म्हनत म्हनत थे वर पोचते. रोज चढते, अन् रोज माहेरी जाते."

मंजुषाचा हात बोंडावरच राहिला.

सिनेमातली म्हातारी खरोखरच पायऱ्या चढताना काहीतरी पुटपुटते. प्रत्येक पायरीला एक शब्द. खाली त्याचं भाषांतर येत नाही, म्हणून मंजुषाला तो कधी कळला नव्हता, आणि लेखात तिने त्याचा उल्लेखही केला नव्हता. ही गोष्ट मुकुटबनच्या या बाईला कुणी सांगितली असण्याची शक्यताच नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. "ती पायऱ्या चढताना बोलते ते?"

कांताबाईला प्रश्नच समजला नाही. "मंग काय चूप चढन का वो मॅडम? एकटी बाई."

संध्याकाळी समाजमंदिर भरून गेलं. मागच्या भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, तोच पडदा. दिवा विझवला, आणि भिंतीवर समुद्र आला. करडा, सगळ्या भिंतीला पुरून उरणारा. पोरं पुढे सरकून बसली. कांताबाई पहिल्या रांगेत, तोंडावर पदर धरून बसली होती.

म्हातारी जिन्याशी आली. पहिली पायरी चढली, पुटपुटली. आणि सगळ्या समाजमंदिरातून बायांचा हळू आवाज आला, "पाटण." दुसरी पायरी. "झरी." पुढची. "अडेगाव." म्हातारीचे ओठ आणि या बायांचा आवाज तंतोतंत जुळले. यापुढे हा सिनेमा मंजुषाला दुसऱ्या कुठल्याही भाषेत ऐकू येणार नव्हता.

म्हातारी दिव्याजवळ पोचली आणि वीज गेली.

भारनियमन अवेळीच आलं होतं. संघर्ष चडफडत बाहेर गेला. मंजुषाला वाटलं, आता लोक उठतील. कुणी उठलं नाही. अंधारात एक म्हातारबा म्हणाले, "कांताबाई, सांग वो पुढं."

आणि कांताबाईने सांगितलं. त्या रात्री बहीण पलीकडच्या काठावर येते. होडीत बसत नाही, नुसती तिथूनच उभी राहून हाक मारते. म्हातारी वात मोठी करते. दोघींच्या मध्ये पाणी, पण दोघींची तोंडं उजेडात. बोलत कुणीच नाही. "असा रोज उजेड धरते थे एकमेकींच्या तोंडावर. मरेपर्यंत."

कुठेतरी एक बाई हुंदका देऊन गप्प झाली. मंजुषा अंधारात बसून राहिली. खरा शेवट तिला ठाऊक होता. तो आता कधीच येऊ नये असं तिला वाटलं.

पण वीज आली, आणि तिने सिनेमा थांबला होता तिथून पुन्हा लावला. भिंतीवरची म्हातारी दिव्यापाशी उभी होती. तिने काच पुसली, बराच वेळ पुसली. मग स्वतःच्या हाताने दिवा विझवला, दार ओढून घेतलं, आणि पहाटेच्या होडीत बसून निघून गेली. मागे फक्त समुद्राचा आवाज.

सगळ्यांनी कांताबाईकडे पाहिलं. कांताबाईने पदर खाली घेतला.

"बाप्पा," ती हळूच म्हणाली. "इझवला तिनं. मले नसतं जमलं." मग मान डोलावत, "लय मोठी बाई हो. लय मोठी."

त्या दोन शब्दांत हेवा नव्हता, हार नव्हती. जिला आपण घडवलं तीच आपल्यापेक्षा मोठी निघाली, याचा निखळ अचंबा होता. नरहरकाकांना काय सांगायचं ते मंजुषाला तेव्हाच कळलं, आणि पुढच्या रविवारपासून कोपरा पुन्हा छापून येऊ लागला.

सकाळी एसटीच्या थांब्यापर्यंत कांताबाई तिच्यासोबत आली. बस दिसल्यावर तिने मंजुषाचा हात धरला.

"मॅडम, थो आवाज. पान्याचा. मी सांगताना त्याले आवाजच देल्ला नव्हता, मले मालूमच नाई. थो दिवसभर येते का?"

"दिवसरात्र. कधीच थांबत नाही."

कांताबाईने डोळे मोठे केले. रस्त्यापलीकडे पांढरी वावरं पसरली होती, तिकडे ती पाहत राहिली.

"अन् मंग तिथले लोक," तिने विचारलं, "झोपते कसे वो?"