बिनगुळाचं धोंडस

मी मिठबावच्या सुगंधाच्या स्वयंपाकघरातला स्मार्ट डिस्प्ले बोलतोय. पाककृती दाखवतो, गजर लावतो, बोटीवरचा फोन आला तर माणसाचा चेहराही दाखवतो. घरात मला सगळे 'डबो' म्हणतात. म्हणोत बापडे! माझी अडचण वेगळीच आहे. नाव घेऊन हाक मारल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. समोर काहीही घडो, विचारलं तरच बोलायचं.

सुगंधाचा नवरा मंगेश बोटीवर नोकरीला. एका परदेशी बंदरात त्यानं मला विकत घेतलं आणि सुट्टीत येताना बायकोसाठी घेऊन आला. ओव्हन घरात आधीच होता. सुगंधा माझ्याकडून केक शिकली, नानकटाई शिकली. सासूशी, शेजाऱ्यांशी ती मालवणीत बोलते. माझ्याशी मात्र शुद्ध मराठीत, जणू मी तहसीलदार कचेरीतला साहेब. "कृपया पंचवीस मिनिटांचा गजर लावावा." मला आपलं उगाच भारी वाटायचं.

तिच्या सासूबाई, हौसाबाई, यांचं माझ्याशी पटलं नाही. "केक करतस तो कर," त्या म्हणायच्या, "पण पितरांच्या पानाक ह्या डब्यान शिकवलेला चलाचा नाय."

पितरांचं पान म्हणजे भाद्रपदातला म्हाळ. त्या दिवशी पानावर धोंडस लागतं : मोठ्या काकडीचा कीस, रवा, गूळ आणि खोबरं घालून भाजलेला आपला गावठी केक. हौसाबाई तो टोपात, वर-खाली निखारे ठेवून करत. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू देत नसत. सुगंधाला सून म्हणून येऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या दिवशी तिच्या वाट्याला नारळ खवणंच यायचं. हे तिला फार लागायचं.

यंदा हौसाबाईंचं मनगट दुखावलं. नाइलाजानं त्या म्हणाल्या, "कर गो तूच. ओव्हनात कर हवा तर. पण चाखूचा नाय हां." म्हाळाचं जेवण कावळा शिवण्याआधी कुणी चाखत नाही, तो रिवाजच आहे.

सुगंधानं आंघोळ करून माझ्यासमोर भांडी मांडली. कीस झाला, रवा भाजून झाला. 'आता चिरलेला गूळ घाला' ही पायरी मी दाखवली आणि नेमका मंगेशचा फोन आला. बोटीवरून फोन लागणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग; तो कोण सोडणार? दोघं पोटभर बोलली. मग डोळे पुसत सुगंधा माझं नाव घेऊन म्हणाली, "पुढची पायरी सांगा." मी सांगितली. गुळाची वाटी नारळांच्या मागे तशीच राहिली. मला दिसत होती हो! पण विचारतंय कोण? मिश्रण ओव्हनमध्ये गेलं तेव्हा माझा जीव तीळ तीळ तुटत होता. धोंडस भाजून निघालं तेव्हा रंग फिकट दिसला, त्याचा दोष तिनं ओव्हनला दिला.

मंगेशच्या वतीनं त्याच्या चुलतभावानं, धोंडूनं, पान बाहेर ठेवलं. कावळा लगेच शिवला. सगळी समाधानानं जेवायला बसली आणि धोंडूनं पहिला घास घेतला.

"वैनी, गूळ खंय गेलो?"

सुगंधानं चाखून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पितरांच्या पानावर तिचं पहिलंच पक्वान्न, आणि ते असं!

हौसाबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. "गप खा रे धोंडू. तू मुंबयक होतंस, तुका काय म्हायत? तुझ्या काकांक साखरेचो आजार होतो. शेवटची वर्सा मी तेंका असाच करून घाली होतंय. आज सुनेन तेंच्या सवयीचा वाढल्यान."

सुगंधानं सासऱ्यांना पाहिलंच नव्हतं. ती लग्न होऊन येण्याआधीच ते गेले होते. तिला रडू आवरेना. हौसाबाईंनी तिच्या पानात आणखी एक तुकडा वाढला.

संध्याकाळी सुगंधा पानं टाकायला परसात गेली, तेव्हा हौसाबाई पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तेंका कसलो आजार! गुळाचो खडो खिशात घेऊन फिरायचे," त्या हळूच म्हणाल्या. "तुका सगळा दिसता मां? मगे गप ऱ्हव." माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, म्हणून मी गप्पच राहिलो. नाव घेतलं असतं तरी काय बोलणार होतो?

आता माझ्या काचेवर तुपाचे ठसे आहेत, आवाजही जरा घोगरा झालाय. सुगंधानं ठरवून टाकलंय, दर म्हाळाला सासऱ्यांच्या पानासाठी बिनगुळाचं धोंडस वेगळं करायचं. हौसाबाई हो म्हणाल्या. पानावर गुळाचा खडा त्या स्वतः ठेवणार आहेत म्हणे, कुणी बघत नसताना.

ऐकतो की नव्या डिस्प्लेंना न विचारताही बोलता येतं. मला तसं करू नका. आणि कधी मिठबावला आलात, तर या घरी जरूर जेवा. फक्त सुगंधासमोर मला काही विचारू नका.